तुम्ही विचारलंत म्हणून: फॉर्म भरू का?

नाशिकच्या तिवंध्यावरच्या आमच्या जुन्या वाड्यातलं कुणी ना कुणी मला विचारतंच. "ताई, तुम्हाला लॉटरीत घर लागलं ना, मग सांगा, आम्ही भरू का फॉर्म?" माझ्या हातात फॉल लावायची साडी असते, मशीन चालू असते. "भरा की," म्हणते आणि पुढची टीप घालते. दुसऱ्याही काही जणी आहेत. त्यांचा प्रश्न वेगळा असतो. "आडगावला स्वतःचं घर असताना रोज इथं तिवंध्यावर कशाला येता?" त्यांना मी उत्तरच देत नाही. आज दोघींनाही देते.

आधी घराबद्दल, कारण पुढचं ऐकून कुणी मला कृतघ्न म्हणू नये.

आमची वाड्यातली खोली तुम्ही पाहिली आहे. संडास सात बिऱ्हाडांत एक, तोही जिना उतरून. सासूबाईंचे गुडघे गेलेले. रात्री त्यांना उतरवायचं म्हणजे मला आणि मुलीला दोघींना उठावं लागे. पावसाळा लागला की धोकादायक वाड्यांच्या नोटिसा निघायच्या, आणि पूर आला की गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं हे विचारत आम्ही सामान माळ्यावर टाकायचो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सराफ बाजारात, भांडी बाजारात पाणी शिरलं, त्या रात्री मी भिंतीला हात लावून बसले होते. ओल कुठवर आली ते हाताला कळतं. त्यात मालकाचं 'खोली खाली करा' सुरूच. मुलीची दहावीची परीक्षा आठ दिवसांवर असताना त्यांनी आमचं पाणी तोडलं होतं. हे मी विसरलेले नाही.

म्हणून फॉर्म भरला. वीस टक्क्यांतलं घर. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बिल्डर बांधतो, तेव्हा वीस टक्के घरं आपल्यासारख्यांना ठेवायची, असा २०१३ पासून नियम आहे, आणि ती म्हाडाच्या सोडतीतून मिळतात. आम्ही अत्यल्प उत्पन्न गटात. तीस चौरस मीटर चटई, म्हणजे सव्वातीनशे फूट. साडेअकरा लाख. यजमान सातपूरला कंत्राटी, त्यामुळे पगाराची पावती धड नाही. दोन बँकांनी परत पाठवलं, तिसरीने नऊ लाख दिले. पंतप्रधान आवास योजनेचं व्याज अनुदान दोन लाख सदुसष्ट हजार जमा झालं, तेव्हा हप्ता साडेपाच हजारांच्या आसपास आला. त्या अनुदानासाठी घर बाईच्या नावावर, निदान तिचं नाव सोबत, अशी अट होती. म्हणून करारावर पहिलं नाव माझं आहे. माहेरच्या सात-बारावर माझं नाव कधी लागलं नाही. ज्या बाईचं नाव आयुष्यात फक्त रेशनकार्डावर होतं, तिला हे काय आहे ते कळेल.

२०१९ च्या दिवाळीत ताबा मिळाला. पहिल्या पावसात मी पहाटेपर्यंत झोपले. सासूबाई भिंत धरून चार पावलांत आपल्या आपण बाथरूमला जाऊ लागल्या. मुलीला कडी लावून कपडे बदलता येऊ लागले. मी हे सगळं तोलून सांगतेय, वाढवून नाही.

आता दुसरी बाजू. सातपूर शहराच्या एका टोकाला, आडगाव दुसऱ्या. यजमानांचं पेट्रोल दुपटीच्या वर गेलं. सिटीलिंकच्या शहर बसेस २०२१ च्या जुलैत सुरू झाल्या, तोवर निमाणी बसस्टँडपर्यंत शेअर रिक्षा, ती भरेस्तोवर सुटत नाही. वाड्याचं भाडं साडेतीन हजार होतं. आडगावला हप्ता आणि वर मेन्टेनन्स नऊशे. आणि माझं काम बसलं. गिऱ्हाईक म्हणजे भद्रकालीतल्या, मधल्या होळीच्या बायका, जाता जाता साडी टाकणाऱ्या. फॉल-पिकोसाठी आडगावला कोण येणार? बिल्डिंगमध्ये बोर्ड लावला, सहा महिन्यांत अकरा साड्या आल्या. निम्म्या घरांना तेव्हा कुलपंच होती.

पैशांचं तरी निस्तरता येतं. मला सांगायचंय ते सासूबाईंचं.

२०२३ चा पौष. दुपारी तीनच्या सुमारास त्या गेल्या. चहा मागितला होता, मी कप घेऊन आले तर मान कलंडलेली. घरात मी आणि मुलगी. समोरचं दार बंद, शेजारचं बंद, वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं, दोघं कामाला. मी चौथ्या मजल्यावरून खाली आणि खालून वर तीनदा गेले. माणूस गेल्यावर आधी काय करायचं, हे मला माहीत होतं, पण कुणाला हाक मारायची ते माहीत नव्हतं. वाड्यात हाक मारायची वेळच आली नसती. आवाज ऐकूनच चौघी आल्या असत्या, एकीने चूल विझवली असती, एकीने पोरीला जवळ घेतलं असतं.

शेवटी वाड्यातल्या मोठ्या वहिनींना फोन लावला. मला बोलता येईना. त्या म्हणाल्या, "कळलं. आम्ही येतो. त्यांना घरी आणू."

घरी. मी फोन हातात धरून उभी राहिले. ज्या घराचे हप्ते भरतेय, ज्याच्या करारावर माझं नाव आहे, त्या घरात उभी राहून ऐकलं की घरी आणू. आधी राग आला, खरं सांगते. मग रडू आलं.

ते आले, दोन रिक्षा आणि एक छोटा हत्ती करून. लिफ्ट चार माणसांची, त्यात आडवं काही मावत नाही. सतरंजीत घेऊन जिन्याने उतरवलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांचा पाय कठड्याला लागला आणि मी ओरडले, "हळू, गुडघा दुखतो त्यांचा!" सगळे थांबले. कुणी काही बोललं नाही. मग खरंच हळू घेतलं.

खाली आमच्या वीस टक्केवाल्या इमारतीचं गेट वेगळं आहे, अरुंद. मोठ्या गेटातून गाडी आत घ्यायला वॉचमनने नाही म्हटलं, त्याला तसं सांगितलेलं होतं. रस्त्यावर गाडी उभी करून, तिथवर उचलून नेलं.

वाड्याच्या चौकात त्यांना ठेवलं. पाणी तोडणाऱ्या त्याच मालकाने चौकातली सायकल, डबे स्वतः हलवले, कळशी भरून आणली. तुळशीपत्र तोंडात त्यांच्या बायकोने घातलं. सत्तर-ऐंशी माणूस जमलं. तिथून अमरधामला नेलं. सासूबाई स्वतःच्या घरात तीन वर्षं राहिल्या आणि भाड्याच्या वाड्यातून गेल्या.

त्यानंतर महिन्याभरात मी मशीन वहिनींच्या ओसरीवर आणून ठेवली. रोज इथं का येते, त्याचं उत्तर हे.

मुलगी आता कॉलेजात शिकते. तिने मला अहमदाबादच्या एका अभ्यासाबद्दल वाचून दाखवलं. बिडी कामगार बायकांना १९८७ मध्ये सोडतीने शहराबाहेर घरं मिळाली होती. चौदा वर्षांनी अभ्यासकांनी पाहिलं तर चौतीस टक्के कधी राहायलाच गेल्या नव्हत्या, बत्तीस टक्के नंतर सोडून आल्या. घर चांगलं होतं, पण मिळकत वाढली नव्हती आणि आपली माणसं लांब गेली होती. ऐकून मला हलकं वाटलं, की मी एकटी नाही. पण लगेच तिने मुंबईचंही सांगितलं, म्हाडाच्या सोडतीत घर लागलेल्यांचं. त्यांच्यात शिक्षण वाढलेलं दिसलं, स्थानिक प्रश्नांवर तक्रार घेऊन जाणंही वाढलेलं. तेही खोटं म्हणता येईना. वाड्यात असताना मी कधी कुठल्या कचेरीची पायरी चढले नव्हते. वेगळ्या गेटाबद्दल सोसायटीच्या मीटिंगमध्ये पहिली उभी राहिले ती मी. दोन लेखी अर्ज दिलेत, तिसरा तयार आहे. आणि मुलगी कॉलेजात आहे ती दार लावून अभ्यास करता आला म्हणून. वाड्यात हे झालं असतं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

वाड्यात असताना मी म्हणायचे, स्वतःच्या छपराखाली उपाशी राहीन पण भाड्याने राहणार नाही. ती बाई चुकली होती का? तिने भिंतीची ओल हाताने मोजली होती, तिला मी आज काय शिकवू? पण तिने सातपूर किती लांब हे मोजलं नव्हतं, आणि खांदा द्यायला माणसं कुठून येतील हेही.

पाच वर्षं विकता येत नाही, ती मुदत संपलीय. एजंटचे फोन येतात. यजमान म्हणतात विकू, मुलगी म्हणते अजिबात नाही. मी अजून कुणालाच उत्तर दिलेलं नाही.

परवा मोठ्या वहिनींनीच विचारलं, त्यांच्या सुनेसाठी, फॉर्म भरू का. मी म्हटलं भरा, पण आधी एक दिवस जाऊन या. सकाळी सातला तिथून निमाणीला निघून बघा, रात्री नऊला परत पोचून बघा, शेजारची किती दारं उघडी आहेत ते मोजा. वहिनी म्हणाल्या, "तू येशील सोबत?" शनिवारी रात्री त्या आणि सूनबाई आडगावला माझ्याकडे मुक्कामाला येतायत. तिघी रविवारी सकाळी सातला निघणार आहोत.