वेदीपासून पुढची पन्नास वर्षे

वसईत नाताळचे दिवस सरले की लग्नसराईला जोर चढतो आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ लागण्यापूर्वी लग्न उरकावे म्हणून घराघरांत धावपळ सुरू होते. त्या गडबडीत ‘फादरांनी लग्न लावले’ असे आपण सहज म्हणतो. ख्रिस्तसभेची, म्हणजे कॅथलिक चर्चची, शिकवण मात्र वेगळी आहे आणि ती पुष्कळ कॅथलिकांना लग्नानंतरही नीट ठाऊक नसते. आपण पाळतो त्या लॅटिन, म्हणजे रोमन कॅथलिक, परंपरेत विवाहाचा हा संस्कार धर्मगुरू देत नाहीत. वर आणि वधू तो एकमेकांना देतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने त्यांची संमती विचारतात आणि स्वीकारतात, दोन साक्षीदार उभे असतात. परंतु विवाह घडतो तो त्या दोघांच्या मुक्त संमतीने. चोरून केलेल्या आणि पुढे नाकारल्या जाणाऱ्या विवाहांना आळा घालण्यासाठी १५६३ मध्ये ट्रेंट येथील बिशपांच्या महासभेने धर्मगुरू आणि साक्षीदार यांची उपस्थिती सक्तीची केली. त्यापूर्वी केवळ दोघांनी परस्परांना दिलेला शब्दही वैध विवाह ठरत असे.

या शिकवणीतून एक गोष्ट ओघानेच येते आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. संस्कार देणारे जर ते दोघे असतील, तर मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) संपल्यावर संस्कार देणारा निरोप घेऊन निघून जात नाही. तो त्याच घरात राहतो, त्याच ताटलीत जेवण वाढतो, आजारपणात औषधाची वेळ लक्षात ठेवतो. लग्नाच्या दिवशी मिळालेली कृपा पुढे पतीकडून पत्नीला आणि पत्नीकडून पतीलाच पोहोचायची असते; दुसरा रस्ता तिच्यासाठी फारसा नसतो. म्हणून विवाह हा एका सकाळी पार पडलेला विधी न राहता दोघांनी मिळून घडवत नेण्याचे जीवन ठरतो.

ख्रिस्तसभेलाही हे शब्दांत मांडायला वेळ लागला. १९१७ च्या धर्मसंहितेत, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या ग्रंथात, अपत्यांचा जन्म आणि संगोपन हा विवाहाचा प्राथमिक हेतू सांगितला होता आणि पती-पत्नींचे परस्परसाहाय्य दुय्यम हेतूंत गणले होते. जगभरातील बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये विवाहाचे वर्णन जीवनाची आणि प्रेमाची जवळीक असलेली भागीदारी असे केले, आणि १९८३ च्या संहितेत संपूर्ण जीवनाची भागीदारी हीच विवाहाची व्याख्या झाली. तिथे दांपत्याचे हित आणि अपत्ये यांना प्राथमिक-दुय्यम अशी उतरंड न लावता शेजारी-शेजारी ठेवले आहे. ज्यांना मूल झाले नाही अशा आपल्या ओळखीतल्या जोडप्यांचा विचार केला की या बदलाचे मोल कळते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मधील ‘आमोरिस लेतित्सिया’ या कुटुंबविषयक पत्रात एक साधी वस्तुस्थिती नोंदवली आहे. माणसाचे आयुष्य वाढले आहे, त्यामुळे एकाच व्यक्तीशी असलेले इतके निकटचे नाते आता चार, पाच, प्रसंगी सहा दशके टिकावे लागते, आणि म्हणूनच सुरुवातीचा निर्णय वारंवार नव्याने घ्यावा लागतो. ख्रिस्त आणि त्याची ख्रिस्तसभा यांच्यातील ऐक्याचे हुबेहूब प्रतिबिंब होण्याचे प्रचंड ओझे दोन मर्यादित माणसांवर लादू नये, कारण विवाह ही त्या ऐक्याची हळूहळू पुढे सरकणारी खूण असते, असेही ते त्याच पत्रात लिहितात. आदर्श कुटुंबाच्या तसबिरी भिंतीवर पाहत वाढलेल्या आपल्या पिढीला या वाक्याची फार गरज होती.

हळूहळू वाढणे म्हणजे काय हे पाहायचे असेल तर फ्रान्समधील आलाँसाँ गावच्या लुई आणि झेली मार्तां यांच्याकडे पाहावे. लिस्यूच्या संत तेरेसाचे हे आई-वडील. १८५८ च्या जुलैमध्ये त्यांचा विवाह झाला तेव्हा दोघांच्याही मनात मठजीवनाची ओढ शिल्लक होती, आणि कित्येक महिने ते भावंडांप्रमाणे राहिले. पुढे एका धर्मगुरूंच्या सल्ल्याने त्यांनी संसाराची दिशा बदलली. त्यांना नऊ मुले झाली आणि त्यांतील चार लहानपणीच गेली. लुई घड्याळजी होते, झेली प्रसिद्ध आलाँसाँ लेस तयार करवून घेत असत. तिचा व्याप वाढला तेव्हा १८७० मध्ये लुईंनी स्वतःचे घड्याळाचे दुकान सोडले आणि पत्नीच्या धंद्याचे हिशेब व प्रवास अंगावर घेतले. एकोणिसाव्या शतकातल्या पुरुषाने हे करावे, याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. माहेरच्या माणसांकडे गेलेली झेली पतीला लिहिते, की दिवसभर मी मनाने तुमच्याजवळच असते, आता ते अमुक करत असतील असे मनाशी म्हणत असते. १८७७ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने तिचे निधन झाले. त्यानंतर मुलींना तिच्या भावाच्या कुटुंबाचा आधार मिळावा म्हणून लुई आपले गाव सोडून लिस्यूला गेले. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी या दोघांना एकत्रच संत म्हणून घोषित करण्यात आले.

आमच्या धर्मग्रामातील (पॅरिशमधील) एक वयस्क जोडपे रविवारी पहिल्या मिस्साला येते. आजींची दृष्टी अधू झाली आहे. ख्रिस्तप्रसाद घेण्यासाठी रांगेत उभे राहताना आजोबा त्यांच्या कोपराला दोन बोटे लावतात, ओढत नाहीत. पायरी आली की बोटांचा दाब किंचित वाढतो आणि आजी पाय उचलतात. त्यांना मी कधी एकमेकांशी मोठ्याने बोलताना ऐकलेले नाही. इतक्या वर्षांत अनेक गोष्टींवर त्यांचे बिनसलेही असेल, पण ते दोन बोटांचे मार्गदर्शन एका दिवसात शिकता येणारे नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मला कर्तव्य वाटते. आजन्म टिकणे म्हणजे मार खात राहणे नव्हे. मारहाण, छळ किंवा मुलांना धोका असेल तेथे वेगळे राहण्याची मुभा धर्मसंहितेत आहे, आणि दुर्बल जोडीदाराला व मुलांना वाचवण्यासाठी वेगळे होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते, असे पोप फ्रान्सिस यांनी त्याच पत्रात म्हटले आहे. ‘क्रूस आहे, वाहा’ असे सांगून एखाद्या सुनेला परत त्या घरात पाठवणाऱ्यांनी हे वाचले पाहिजे. ज्या घरात एकाची भीती आणि दुसऱ्याची सत्ता आहे, तेथे संपूर्ण जीवनाची भागीदारी कुठे उरली?

आपली व्यवस्था दोन टोकांना चांगली आहे. लग्नाआधी तयारीचे वर्ग असतात, ठरलेल्या लग्नाच्या नोटिसा चर्चमध्ये वाचल्या जातात, विवाह झाल्याची नोंद दोघांच्या स्नानसंस्काराच्या वहीतही केली जाते. आणि पंचविसाव्या व पन्नासाव्या वर्षी फुले, आशीर्वाद व केक असतो. मधली वर्षे मात्र मोकळी राहतात, आणि नाते विरते ते बहुधा तेव्हाच: गृहकर्जाचे हप्ते, मुलांच्या परीक्षा, लोकलचा प्रवास आणि आजारी सासू-सासरे यांच्या धबडग्यात. स्पेनमध्ये फादर गॅब्रिएल काल्वो यांनी सुरू केलेल्या आणि आज जगभर पसरलेल्या ‘मॅरेज एन्काउंटर’ चळवळीने यावर एक साधा उपाय दिला. दोघांनी रोज दहा मिनिटे एकमेकांना आपल्या भावना लिहायच्या, वह्या बदलून वाचायच्या आणि दहा मिनिटे त्यावर बोलायचे. तक्रार तोंडी मांडली की लगेच प्रत्युत्तर येते. लिहिलेले शेवटपर्यंत वाचावे लागते, आणि हा फरक मला खरोखर मोठा वाटतो.

म्हणून माझी आपल्या धर्मग्रामांना आग्रहाची विनंती आहे की लग्नाला सात, दहा, पंधरा वर्षे झालेल्या जोडप्यांना वर्षातून एकदा तरी एकत्र बोलवावे, मुलांना सांभाळण्याची सोय चर्चच्या आवारातच करावी, आणि तिथे प्रवचनापेक्षा त्या दोघांना एकमेकांशी बोलण्यासाठी जास्त वेळ द्यावा. बोलण्याचे विषय फादरांनी ठरवण्याऐवजी पंचवीस-तीस वर्षे संसार केलेल्या एखाद्या जोडप्याने सुचवावेत, कारण हा संस्कार रोज एकमेकांना देत आलेले तेच आहेत.