सॉल्टेअरचे आजोबा आणि देवळालीचा ताप

मुलीकडे इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्डला तीन महिने होते तेव्हा कंटाळा आला की ट्रेनने सॉल्टेअर गाठायचे. टायटस सॉल्ट नावाच्या गिरणीमालकाने कामगारांसाठी वसवलेलं गाव, त्याचं आडनाव आणि शेजारची एअर नदी मिळून नाव झालं सॉल्टेअर. गिरणी सुरू झाली १८५३ ला, अल्पाका नावाच्या दक्षिण अमेरिकी प्राण्याच्या लोकरीचं कापड निघायचं. गल्ल्यांना त्याने चक्क स्वतःच्या बायकापोरांची नावं दिलीत (हे वाचून आपले नगरसेवक आठवले बरं का), पण गावात पब काही उघडू दिला नाही. १९८६ ला गिरणी बंद पडली, आता आत चित्रं, पुस्तकांचं दुकान, आणि २००१ पासून गाव जागतिक वारसा यादीत.

तर तिथल्या बागेत एक आजोबा भेटले, कुठल्या म्हणाले, मी नाशिक म्हटलं तर चेहरा कोरा, मग देवळाली म्हटलं आणि गडी असा खुलला की विचारू नका! "डुलॅली!" त्यांचे वडील म्हणे सैन्यात असताना आपल्या कॅम्पात होते. परतीच्या बोटीची वाट बघत गोरे सोल्जर देवळालीत महिनोन्‌महिने पडून राहायचे, काही करायला नाही, डोकी फिरायची, म्हणून कुणी वेडा झाला की "डुलॅली टॅप". टॅप म्हणजे आपला तापच की!

मी देवळालीच्याच लॅम रोडला लहानाची मोठी झाले, पण ही भानगड मला यॉर्कशायरच्या बाकावर कळली. घरी फोन करून आईला सांगितलं तर म्हणाली, तुझ्या बाबांना तर बोटीशिवायच झालाय तो.