कशाने भागायचं?

पीएचडीचं दुसरं वर्ष. टेबलावर दोन उंदरांची चरबी, एक कोवळा आणि एक वर्षभराचा गलेलठ्ठ. पेशींना जोडणारं कोलॅजन तोडणारं विकर, कोलॅजिनेज, घालून 37 अंशांच्या पाण्यात तासभर हलवली की चरबीच्या पेशी सुट्या होऊन वर तरंगतात. नळ्या प्लास्टिकच्याच घ्यायच्या, काचेला लागून या पेशी फुटतात. लठ्ठ उंदराच्या तर हटकून. त्याच्या नळीत पिवळ्या तेलाचा तवंग दिसला आणि माझा धीरच सुटला. तर्री मिसळीवर शोभते, इथे नाही. पुन्हा सगळं केलं, या वेळी अगदी हलक्या हाताने.

मोजायचं होतं ग्लिसरॉल. चरबीचं विघटन झालं की ते बाहेर पडतं, आणि ही पेशी ते जवळपास परत वापरतच नाही. म्हणून हिशेबाला बरं. संध्याकाळी आकडे आले. ग्रॅममागे लठ्ठ उंदराचं ग्लिसरॉल कोवळ्याच्या निम्मं! मोठ्या पेशी सुस्त असतात, असं मी वहीत लिहूनही टाकलं.

मॅडमनी वही पाहिली. "व्यास किती आलाय?"

"सरासरी 60 आणि 95 मायक्रोमीटर."

"मग घनफळ काढ की."

व्यास दीडपट, पण घनफळ चौपट. एका ग्रॅममध्ये कोवळ्याच्या सुमारे 96 लाख पेशी, लठ्ठाच्या जेमतेम 24 लाख. पेशीमागे भागलं तर चित्र पार उलटं: मोठी पेशी, विघटन वाढवणाऱ्या ॲड्रेनॅलिनचा थेंबही न देता, दुप्पट ग्लिसरॉल सोडत होती. पेशीच्या पृष्ठभागाने भागलं तर दोघी जवळपास सारख्या. इन्सुलिन आणि ॲड्रेनॅलिनला पकडणारे ग्राही या पृष्ठभागावरच असतात, त्यामुळे हा तिसरा भागाकार मला अजूनही सगळ्यात बोलका वाटतो.

काही नळ्यांत ॲड्रेनॅलिनसोबत इन्सुलिनही घातलं होतं, त्यांत ही भागाकाराची भानगड नव्हती. तिथे प्रत्येक उंदराची तुलना त्याच्याच आकड्याशी. विघटनाला लगाम घालणं हे इन्सुलिनचं काम. ॲड्रेनॅलिनने चढलेलं ग्लिसरॉल त्याने कोवळ्यात झपकन उतरलं, लठ्ठात थोडंसंच.

मी खुशीत सांगायला गेले. मॅडमनी मान वर न करता विचारलं, "हा फरक आकाराचा, की वयाचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच लठ्ठ उंदराची चरबी घेऊन बसले. मोठ्या पेशी भराभर वर येतात, छोट्या मागून रेंगाळत. नळी उभी धरली, घड्याळ लावलं, आणि खालून अलगद छोट्या काढायला लागले.