अपार्टमेंटचं पाणी जातं कुठं?

सांगलीत कृष्णा उशालाच आहे आणि २०१९ चा महापूर बघितलेल्या माणसाला पाणी वाचवा म्हटलं की पटत नाही, पण याच जिल्ह्यात जत, आटपाडीच्या लोकांनी टँकरवर उन्हाळे काढलेत हे विसरून कसं चालेल?

आमच्या अपार्टमेंटला सगळ्यांचं मिळून एकच मीटर, बिल मेंटेनन्समध्ये वाटून घेतात, त्यामुळं कुणाकडं किती पाणी जातंय ते कुणालाच कळत नाही, आणि माझ्या मते खरं दुखणं हेच आहे. फ्लॅटवार मीटर बसवायला हवेत. जुन्या बिल्डिंगमध्ये किचनची लाईन वेगळी, बाथरूमची वेगळी, म्हणजे एका घराला दोन-तीन मीटर लागणार, खर्च वाढतो, मान्य आहे.

तोवर फ्लशची टाकी तरी तपासा. टाकीत थोडा खायचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका, खाली भांड्यात रंग उतरला की समजायचं आतलं वॉशर गेलंय. या गळतीचा आवाज येत नाही, फरशी ओली होत नाही, रात्रंदिवस चांगलं पाणी सरळ ड्रेनेजला. जुन्या टाक्या एका फ्लशला दहा-दहा लिटर ओततात, दोन बटणांच्या नव्या टाकीत छोट्या बटणाला साधारण ३ आणि मोठ्याला ६ लिटर जातं. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, त्यातलं किती नुसतं फ्लशला जातं बघा!

गच्चीवरची टाकी भरून वाहते त्यासाठी सेन्सर मिळतो, मोटर आपोआप बंद. पुढच्या मिटिंगला मीटरचा विषय मी घेणारच आहे, प्लंबरकडून कोटेशन मागवलंय.