कावाह इजेनला कॅमेरा घेऊन जाताय? मास्क स्वतःचा न्या

टूरच्या जाहिरातीत 'गॅस मास्क इन्क्लुडेड' असं लिहिलेलं असेल तर मास्क मिळणार नाही असंच धरून चाला. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी वाचा.

कावाह इजेन म्हणजे इंडोनेशियात जावा बेटाच्या पूर्व टोकाचा ज्वालामुखी. बालीला जाणारे आपले बरेच लोक हल्ली तिथल्या निळ्या ज्वाळा बघायला एका रात्रीत धावत जाऊन येतात. मी गेलो ते कामासाठी, विवरात गंधक काढणाऱ्या कामगारांचे फोटो करायला. एरवी मी तारापूर, लोटे, महाडकडच्या केमिकल प्लांटमध्ये आणि फाउंड्रीत शूट करतो त्यामुळे मास्क, कार्ट्रिज (मास्कला लावायचा गॅस गाळणारा डबा), गॅस डिटेक्टर हे रोजचंच आहे, आणि म्हणूनच तिथे जे मास्क वाटत होते ते बघून डोकं फिरलं. ट्रेकिंगची सवय आहे, हेडटॉर्च, चांगले बूट, थंडीचं जॅकेट आहे असं गृहीत धरून लिहितोय. पाचनईकडून हरिश्चंद्रगड आरामात करत असाल तर इजेनचा चढ तुम्हाला जड नाही.

आता मास्क. पायथ्याला एजंटच्या माणसाने पोत्यातून काढून एकेकाच्या हातात दिला. रबर कडक झालेलं, पट्टे सैल, आणि कार्ट्रिजवर काळी पट्टी. काळी पट्टी म्हणजे ऑरगॅनिक व्हेपर, थिनर-पेंटच्या वाफेसाठी. तिथे त्रास देतो तो सल्फर डायऑक्साइड, त्याला हे कार्ट्रिज भरवशाचं नाही. काहींच्या कार्ट्रिजवर तर काही लिहिलेलंच नव्हतं, किती दिवस उघडं पडलंय कोण जाणे. कार्ट्रिज सील फोडल्यापासून हवेतली ओल आणि वाफा ओढत राहतं आणि संपतं, मग ते तोंडाला लावून उपयोग काय? मी माझा हाफ मास्क (नाक-तोंड झाकणारा) नेला होता पण आमच्या जीपमध्ये डोंबिवलीचं एक जोडपं होतं, त्यांनी बिचाऱ्यांनी जाहिरातीवर विश्वास ठेवलेला. वहिनींना खाली पहिल्याच धुरात असा खोकला लागला की दादा त्यांना धरून लगेच वर घेऊन गेले, ज्वाळा दोघांनीही धड बघितल्या नाहीत. पैसे मात्र पूर्ण.

काय घ्यायचं ते नीट सांगतो. पिवळी पट्टी बघा. युरोपियन पद्धतीत पिवळा रंग म्हणजे टाइप ई, सल्फर डायऑक्साइड आणि ऍसिड गॅससाठी. अमेरिकन पद्धतीत पिवळा म्हणजे ऑरगॅनिक व्हेपर अधिक ऍसिड गॅस, तेही चालतं. एबीईके लिहिलेलं मल्टिगॅस कार्ट्रिज मिळालं तर सगळ्यात उत्तम. आपल्याकडे सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानांत हे सगळं मिळतं, सीलबंद घ्या, एक्स्पायरी बघा, सील तिथे पायथ्याला फोडा. एन-९५ आणि कोविडवेळचे मास्क गॅस अडवत नाहीत, ते धुळीसाठी आहेत. दाढी असेल तर जायच्या आदल्या दिवशी करा, दाढीवर मास्क बसत नाही, कडेने गॅस आत येतो. कॉन्टॅक्ट लेन्स घालून अजिबात जाऊ नका. हाफ मास्क डोळे झाकत नाही म्हणून वर घट्ट बसणारा गॉगल हवा, छिद्रं नसलेला, पोहण्याचासुद्धा चालतो. फुल फेस मास्कने डोळे वाचतात पण व्ह्यूफाइंडरला डोळा लागत नाही, मागच्या स्क्रीनवर बघूनच फ्रेम करावी लागते, ट्रायपॉडवर काम असेल तर काही बिघडत नाही.

आकडे हवे असतील तर अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस अशी: सल्फर डायऑक्साइड कामाच्या पूर्ण पाळीत सरासरी 2 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत दोन भाग), पंधरा मिनिटांसाठी 5 पीपीएम, आणि 100 पीपीएम म्हणजे जिवाला तातडीचा धोका. खिशात छोटा डिटेक्टर ठेवा असं मी सांगेन, माझा विवरात गंधकाच्या पाइपांजवळ सारखा ओरडत होता. शिवाय हा वायू हवेपेक्षा दुपटीहून जड, खोलगट जागेत साठतो. धूर अंगावर आला की लोक घाबरून खाली बसतात, तसं करू नका. वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाजूला सरका, हळू, कारण धावलात की श्वास वाढतो आणि जास्त गॅस आत जातो.

दुसरी फसवणूक वेळेची. एजंट म्हणाला रात्री एकला गेट उघडतं, अडीचपासून पाचपर्यंत ज्वाळांपाशी. आमच्या वेळी गेट उघडलं दोनला. तिकीट, मेडिकल सर्टिफिकेटची तपासणी (हे लागतं, बान्युवांगी या जवळच्या शहरात क्लिनिकमध्ये बीपी वगैरे बघून लगेच देतात), रांग, यात वेळ गेला. पालतुडिंग या पायथ्यापासून विवराच्या कडेपर्यंत 3 किलोमीटर, पहिले दोन चांगले खडे, शेवटचा सपाट, चढ साधारण पाचशे मीटरचा. ट्रायपॉड, दोन कॅमेरा बॉडी घेऊन भराभर चाललो तरी कडेला पोचायला साडेतीन होऊन गेले, पुढे विवरात उतरायला पाऊण तास. आणि तिथे पाचच्या सुमारास उजाडायला लागतं, थोडा उजेड आला की निळं काही दिसत नाही. म्हणजे हातात जेमतेम अर्धा तास, त्यातला बराचसा धुरात. कामासाठी जाणाऱ्याने एका रात्रीवर अवलंबून राहू नये, मी बान्युवांगीत मुक्काम ठेवला होता आणि पुन्हा गेलो, चांगल्या फ्रेम दुसऱ्या वेळच्याच आहेत.

बालीहून एका रात्रीत जाऊन येण्याची टूर फोटोग्राफरने घेऊच नये. कुटा-सेमिन्याकहून गिलिमानुक बंदर चारेक तास, मग फेरीबोटीने जावाच्या बाजूचं केतापांग बंदर, मग घाट, न झोपता चढ, मग ऍसिडच्या धुरात काम, मग तोच ड्रायव्हर परत. थकलेला माणूस त्या उतारावर पाय कुठे टाकेल सांगता येत नाही. अजून एक, बालीचं घड्याळ जावाच्या एक तास पुढे आहे, पिकअपची वेळ कुठल्या घड्याळाने ते विचारून घ्या.

उताराबद्दल. कडेवर चक्क पाटी आहे की पर्यटकांनी विवरात उतरायला मनाई आहे, आणि पाटीशेजारूनच सगळे उतरतात. वाट कामगारांनी दगडात काढलेली, कुठे पायऱ्या, कुठे नुसते सुटे दगड, अंधार, समोरच्याच्या टॉर्चने डोळे दिपलेले, आणि त्याच अरुंद वाटेने खालून माणसं वर येतायत, खांद्यावर बांबूची कावड, दोन्ही टोपल्यांत मिळून 70 ते 90 किलो गंधक. त्यांची वाट आहे, आपण पाहुणे. टोपलीची करकर ऐकू आली की डोंगराच्या बाजूला चिकटून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही, आणि हेडटॉर्च खाली वळवायचा. मी बघितलं, एका टोळक्याने सेल्फीसाठी वाट अडवली, तो माणूस ओझं खांद्यावर घेऊन तसाच थांबला, पाय थरथरत होते. मी त्यांना मराठीत शिव्या दिल्या, स्वर कळला असावा, सरकले.

कडेवरही जपा. 2024 च्या एप्रिलमध्ये एक चिनी पर्यटक महिला सूर्योदयाला फोटो काढताना मागे सरकत गेली आणि कड्यावरून सुमारे 75 मीटर खाली पडून मरण पावली. आणि 2018 च्या मार्चमध्ये गॅस अचानक वाढला, तीसच्या आसपास लोकांना हॉस्पिटलात न्यावं लागलं, आजूबाजूच्या वस्तीतून शेकडो लोक हलवले. म्हणजे पर्यटकच नाही, तिथे झोपलेली माणसंसुद्धा.

आता फोटो. ती निळी ज्वाळा म्हणजे लाव्हा नाही, लोक 'ब्लू लाव्हा' म्हणतात ते चूक. भेगांतून 600 अंशांपर्यंत तापलेला गंधकाचा वायू बाहेर येतो, हवा लागली की पेटतो, थोडा द्रवरूप होऊन जळत जळत उतारावर वाहतो. ओलिव्हिए ग्रुनवाल्ड या फ्रेंच फोटोग्राफरचे फोटो 2014 ला जगभर फिरले तेव्हापासून गर्दी वाढली. एफ 2.8, आयएसओ 1600 ते 3200, दोन ते आठ सेकंद यातून सुरुवात करा. साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) फसवतो, तो ठीक दिसतो आणि निळा चॅनल मात्र आधीच फाटलेला असतो, म्हणजे निळ्यातले बारकावे गेलेले असतात, लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा आणि निळ्यावर लक्ष ठेवा. फ्रेममध्ये कामगार हवा असेल तर तो आपल्या टॉर्चच्या उजेडात रॉडने गंधक फोडत असतो तेव्हा घ्या, फ्लॅश मारू नका, धुरावर आपटून सगळं पांढरं होतं आणि त्याचे डोळे दिपतात.

लेन्स विवरात बदलायची नाही. कितीही मोह झाला तरी नाही. सल्फर डायऑक्साइड आणि ओल एकत्र आली की ऍसिड तयार होतं, ते माउंटच्या कॉन्टॅक्टवर, सेन्सरवर बसतं. दोन लेन्स हव्या असतील तर दोन बॉडी न्या, समोर स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावा जो नंतर फेकून देता येईल. काम नसेल तेव्हा कॅमेरा झिपच्या पिशवीत. वर आल्यावर डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओल्या केलेल्या कापडाने बाहेरून पुसायचा, मग कोरड्या, मग सिलिका जेल. हे त्याच दिवशी, झोपायच्या आधी करा. एवढं करूनही माझ्या ट्रायपॉडच्या पितळी स्क्रूंवर काळपट थर आलाच. कपड्यांचा वास जात नाही, जुने घालून जा आणि तिथेच टाकून या.

कामगारांबद्दल थोडं सावकाश लिहितो कारण त्यांच्यासाठीच गेलो होतो. भेगांवर पाइप बसवलेत, त्यातून गॅस थंड होत येतो आणि गंधक ठिबकतो, गरम असताना लालभडक, थंड झाल्यावर पिवळा. तो रॉडने फोडायचा, टोपलीत भरायचा, विवराच्या कडेपर्यंत खांद्यावर. पुढे खाली न्यायला आता बऱ्याच जणांकडे ढकलगाडी आहे, पण विवरातून वर अजूनही खांदाच. साखर पांढरी करायला, रबर पक्कं करायला हे गंधक जातं. किलोमागे हजार-बाराशे रुपिया हातात पडतात असं मला सांगितलं, म्हणजे आपले साडेपाच-साडेसहा रुपये. मास्क बहुतेकांना नाही, ओलं फडकं दातात धरतात. माझा गाइड आधी हेच काम करायचा, त्याने शर्ट सरकवून खांदा दाखवला, कावडीच्या जागी गाठ आलेली. मला फोटो काढवला नाही, तो म्हणाला "काढा पाक (म्हणजे साहेब), म्हणूनच दाखवला", तेव्हा काढला.

फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि पैसे द्या, पन्नास हजार रुपिया म्हणजे आपले पावणेतीनशे, तेवढे तरी. आणि मेहेरबानी करून कोणाला "परत एकदा उचल, अँगल चुकला" म्हणू नका. हे मी डोळ्यांनी बघितलंय, महागडी लेन्स लावलेल्या माणसाकडून.

वर परतलो तेव्हा उजाडलं होतं, खाली तळं दिसलं, हिरवट-निळं, किलोमीटरभर रुंद, पीएच 0.5 हूनही कमी, त्यात सल्फ्युरिक आणि हायड्रोक्लोरिक ऍसिड. काय रंग आहे तो! अंगात ताकद उरली नव्हती तरी मी तासभर कडेवरून हललो नाही. एवढं सगळं लिहूनही सांगतो, जा. नक्की जा.

खर्चाचं. कडेवर आणि वाटेत ढकलगाडीवाले विचारतात, बसून जायचे आठ-दहा लाख रुपिया सांगतात, म्हणजे साधारण साडेचार ते साडेपाच हजार रुपये. दोन-तीन माणसं ओढतात, त्यांच्या कष्टाला मी महाग म्हणणार नाही, चालवत नसेल तर घ्या, पण दर आधी ठरवा आणि जायचे की जाऊन-येऊन ते बोलून घ्या. चीड येते ती एजंटची, तो गाइडच्या नावाने माझ्याकडून जेवढे घेतो त्यातले निम्मेसुद्धा गाइडला देत नव्हता, मी विचारून खात्री केली. गाइड बान्युवांगीत किंवा पालतुडिंगलाच थेट ठरवा. एअरपोर्टवरचा व्हिसा ऑन अरायव्हल पाच लाख रुपिया, तीस दिवसांचा. बाकी जवळचं बालुरानचं जंगल बघितलं, छान आहे, बालीबद्दल मी काय सांगणार.

निघायच्या आदल्या दिवशी ज्वालामुखीची सरकारी धोक्याची पातळी बघा, चढत्या क्रमाने: नॉर्मल, मग वास्पादा, मग सियागा, मग आवास. वास्पादा असेल तर विवरात उतरायला बंदी असू शकते, गाइडला फोन करून विचारा, एजंटला नाही, तो जाऊ या म्हणणारच. आणि वर कामगार गंधकाची छोटी कासवं, फुलं विकतात, जरूर घ्या, पण विमानात नेऊ नका, गंधक पेट घेणारा पदार्थ आहे आणि सामानात चालत नाही. पैसे देऊन वस्तू त्यांनाच परत केली तरी चालतं, मी तेच केलं.