खाली उडायची हौस आणि खाडीतल्या तारा

भाचा सेसना १७२ या एका इंजिनाच्या छोट्या विमानावर ट्रेनिंग घेतोय, त्यामुळे आमच्या फॅमिली ग्रुपवर हल्ली सगळे विमानांचेच व्हिडिओ टाकतात. परवा कुणीतरी बाहेरच्या देशातला एक टाकला, छोटं विमान नदीच्या पाण्याला चाकं टेकतील इतकं खाली चाललंय, आणि खाली सगळ्यांचे अंगठे. भाच्याने फक्त एवढंच लिहिलं, "मामा, हा एक दिवस तारेत जाणार."

तारेचं त्याने नंतर फोनवर सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. ऐरोली पुलावरून मुलुंडकडे जाताना खाडीतले हायटेन्शनचे टॉवर बघा कधीतरी, जरा धुरकट सकाळ असली की टॉवर दिसतो पण तार दिसत नाही. पायलटचंही तेच, म्हणून त्यांना शिकवतात की टॉवर शोधा आणि तार आहेच असं धरून चाला, ओलांडायचीच वेळ आली तर मधूनच नाही, टॉवरच्या डोक्यावरून ओलांडा. आणि यात अजून एक गोम आहे. वीज वाहणाऱ्या जाड तारांच्या वर, टॉवरच्या अगदी टोकाला, विजेपासून बचावासाठी एक बारीक तार असते. पायलटला शेवटच्या क्षणी जाड तारा दिसतात, तो विमान वर खेचतो आणि नेमका त्या बारीक तारेत जातो! ताशी २०० किमी म्हणजे सेकंदाला ५५ मीटर, दीडशे मीटरवर तार दिसली तरी तीन सेकंदसुद्धा नाहीत हातात.

इंजिन बंद पडलं तर सेसना दगडासारखं पडत नाही हे मला माहीत नव्हतं. साधारण एक फूट खाली येताना नऊ फूट पुढे जातं, म्हणजे ३००० फुटांवरून आठेक किलोमीटर, चार मिनिटं मिळतात, शेत शोधा, रेडिओवर सांगा, परत स्टार्ट करून बघा. ५०० फुटांवर जेमतेम चाळीसेक सेकंद, आणि त्यातले पहिले काही तर "हे काय झालं" यातच जातात.

पण माझ्या मते सगळ्यात वाईट म्हणजे ओळखीच्यांच्या घरावर घिरट्या घालणं. लक्ष खाली गच्चीकडे, वळण आवळत जातं, ६० अंश कलवून उंची राखायला गेलं की पंखांवर दुप्पट भार येतो आणि विमान ज्या स्पीडला स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल जाऊन खाली बसतं, तो स्पीड चाळीस टक्क्यांनी वाढतो. त्यात वारा पाठीमागून असला की जमीन भराभर मागे जाताना दिसते, वाटतं आपण फार जोरात चाललोय, आणि माणूस स्पीड अजून कमी करतो. वर हजारो फुटांवर स्टॉल झालं तर ते ट्रेनिंगचा धडा असतो, खाली सावरायला जागाच नाही. २३ जून १९८० ला दिल्लीत सफदरजंगजवळ संजय गांधींचं पिट्स विमान पडलं तेही कमी उंचीवर कसरती करतानाच, सोबतचे कॅप्टन सक्सेनाही गेले.

नियम आहेत हो, वस्तीवर आसपासच्या सगळ्यात उंच अडथळ्याच्या १००० फूट वर, मोकळ्या जागी ५०० फूट. पण बघायला कोण असतं तिकडे.

गणपतीत काका भाच्याला म्हणाले, लायसन मिळालं की गावच्या घरावरून एक फेरी मार, आम्ही सगळे गच्चीवर उभे राहू. हा म्हणाला मारतो, पण दोन हजार फुटांवरून, मुंगीएवढा दिसेन. काका दिवसभर फुगून बसले, आरतीलाही नीट बोलले नाहीत. फुगू देत.