दादाचं नाव आम्ही धडक्या ठेवलं होतं

दादाला लहानपणी आम्ही धडक्या म्हणायचो. म्हणजे सुरुवात माझीच, बाकीचे माझं ऐकून म्हणायला लागले. पॅसेजमधल्या बादलीला लाथ, खांद्याला दाराची चौकट, जेवायला खाली बसलेल्या आजीच्या ताटात पाय, रोज काहीतरी असायचंच. त्यात दोन वर्षांचा असल्यापासून कानाला मशीन, त्यामुळे घरात सगळ्यांनी एक हिशोब लावून टाकलेला की ऐकू येत नाही म्हणून लक्ष नसतं, आणि लक्ष नसतं म्हणून धडपडतो. बाबा तर सरळ ओरडायचे, डोळे कुठे असतात तुझे!

कानाचं आम्हाला नीट कळलेलं होतं. जाड आवाज त्याला येतात, बारीक येत नाहीत, म्हणजे बोलण्यातला स, श, च हे सगळे गळून जातात आणि उरतो नुसता आकार. भाजीवाली साठ म्हणाली की हा आठ ऐकायचा आणि खूश होऊन दोन किलो तोलायला सांगायचा. बाकीचं तो ओठ बघून जुळवायचा, इतकं बेमालूम की शाळेत निम्म्या मुलांना वाटायचं ह्याला सगळं ऐकू येतं.

तो तेरा-चौदाचा असताना त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही सगळे गंगेवर गेलेलो (बाहेरच्यांसाठी, नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात). सगळीकडे दिवे, गर्दी, फोटो, आणि हा रामकुंडाजवळ पायऱ्यांवर खांबासारखा उभा. मी हात ओढला तर म्हणाला, मला पायऱ्या दिसत नाहीयेत. मला वाटलं नाटकं. ओढलाच मी त्याला, आणि खालच्या पायरीवर एका बाईंनी मांडलेल्या दिव्यांच्या ताटात तो गुडघ्यावर पडला. त्या बाई जे काही बोलल्या ते एकतर त्याला ऐकू आलं नाही, आणि अंधारात ओठही दिसले नाहीत, तो नुसता हसत राहिला. त्याचं ते हसू मला अजून आठवतं.

मग रातांधळेपणा म्हणून अख्खा हिवाळा गाजर आणि पपई. अ जीवनसत्त्व कमी पडलं की रात्री दिसत नाही हे खरंच आहे, पण त्याला ते कमी पडलंच नव्हतं. कानाचे डॉक्टर कान बघत होते, चष्म्याचे डॉक्टर चष्म्याचा नंबर, आणि नंबर तर त्याला जेमतेम अर्धा!

तेविसाव्या वर्षी भरदुपारी रविवार कारंजाजवळ बाजूने येणारी हातगाडी त्याला दिसलीच नाही, अॅक्टिव्हा थेट तिच्यावर. हाताला प्लास्टर. तेव्हा कुणीतरी रेटिनाच्या, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याच्या, डॉक्टरकडे जा म्हणालं. त्या डॉक्टरबाईंनी डोळ्यात थेंब टाकून पडदा बघितला आणि डोळ्याबद्दल न विचारता आईला विचारलं, हे मशीन कधीपासून आहे, आणि चालायला कधी लागला? आई अभिमानाने म्हणाली, वर्षाचा व्हायच्या आत! आम्हाला वाटलं ह्या काय विचारताहेत. नंतर कळलं, कान आणि डोळे दोन्ही धरणारा हा एकच आजार, त्याचे मुख्य तीन प्रकार, त्यातल्या पहिल्यात मूल जन्मापासून जवळजवळ पूर्ण बहिरं असतं आणि कानातलं तोल सांभाळणारं यंत्रही बिघडलेलं असतं म्हणून चालायला उशीर होतो. दुसऱ्यात तोल ठीक, कान अर्धवट, आणि डोळ्यांचं साधारण वयात येताना सुरू होतं. तिसऱ्यात आधी ऐकू येत असतं, मग हळूहळू दोन्ही जातं. दादा दुसऱ्यातला.

मग फिल्ड टेस्ट, म्हणजे समोर बघत राहायचं आणि कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. दादा बराच वेळ बटण न दाबता बसून होता, मला बाहेरून वाटलं मशीन बंद आहे. कागद छापून आला तो सगळा काळा, मधोमध एक पांढरा गोळा. मी धडक्या म्हणून हसायचे तो सगळा काळा भाग होता.

नाव अशर सिंड्रोम. स्कॉटलंडच्या चार्ल्स अशर नावाच्या डोळ्याच्या डॉक्टरने 1914 साली हे घराण्यातून येतं हे मांडलं, जर्मनीत त्याच्याही आधी 1858 मध्ये फॉन ग्रेफे यांनी असे रुग्ण नोंदवलेले. (इंग्रजीत थेटरात अंधारात सीट दाखवणाऱ्यालाही अशरच म्हणतात. दादालाच हे सुचलं, मला हसावं की रडावं कळेना.) डोळ्याच्या पडद्यात अंधुक उजेडात काम करणाऱ्या साधारण 12 कोटी पेशी असतात, त्या आधी मरतात, म्हणून आधी रात्र जाते, मग कडा जातात. मधल्या, रंग आणि बारीक गोष्टी दाखवणाऱ्या पेशी बऱ्याचदा खूप वर्षं टिकतात.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये यूएसएच२ए नावाच्या जीनमध्ये (जनुकात) चूक निघाली, आईकडून आणि बाबांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत तीच. ह्या जीनपासून बनणारं प्रोटीन आतल्या कानातही लागतं आणि पडद्यातही, म्हणून एका चुकीत दोन्ही. बाबांनी मामाची मुलगी केलेली, म्हणजे पणजी-पणजोबांपैकी कुणाकडून तरी तीच चूक दोन वाटांनी खाली आली असणार. आईबाबांना स्वतःला काही नाही, कारण एकेक प्रत चांगली आहे, पण प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता. आई त्या रात्री जेवली नाही. नात्यातल्या एक मावशी म्हणाल्या, तरी मी म्हणत होते! मावशी काही म्हणत नव्हत्या, लग्नात सगळ्यात पुढे त्याच नाचत होत्या. आणि नात्याबाहेर लग्न केलं तरी होऊ शकतंच की, फक्त तेव्हा शक्यता कमी.

माझं काय, हे मी सगळ्यात शेवटी विचारलं. मला आजार नाही, पण मी वाहक, म्हणजे आईबाबांसारखी एक चुकीची प्रत असलेली, असण्याची शक्यता तीनात दोन. साखरपुड्याआधी मी हे होणाऱ्या सासरी सांगितलं. मुलगा म्हणाला मी पण टेस्ट करतो, सासूबाई जरा गप्प झाल्या. असो.

औषध आज तरी नाही. दुसऱ्या एका जीनसाठी अमेरिकेत 2017 मध्ये जीन थेरपी आली, नातेवाईक तीच बातमी पुन्हापुन्हा फॉरवर्ड करतात, पण ती ह्या जीनला चालत नाही. ह्याच्यावर वेगळे प्रयोग चालू आहेत. दादाने अॅक्टिव्हा विकली आणि सातपूरला कंपनीच्या बसने जातो, तिथे कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, ड्रॉइंग काढतो, बारीकात बारीक रेघ त्याला दिसते. लोकांना हेच झेपत नाही. लाल-पांढरे पट्टे असलेली काठी, म्हणजे ऐकायला आणि बघायला दोन्ही कमी, ती हातात आणि मोबाईलवर मेसेज वाचतोय, की बसमध्ये कुणीतरी म्हणणारच, दिसतं की ह्याला, नाटक आहे सगळं. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटच्या रांगेत एका साहेबांनी पण तेच ऐकवलं. 2016 च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात बहिरेपण आणि अंधत्व एकत्र असणं वेगळं लिहिलेलं आहे, पण साहेबांचं म्हणणं, एक काहीतरी सांगा, कान की डोळे?

परवा जेवताना लाईट गेली. आपण अंधारात फक्त दिसायचे थांबतो, दादाला आपण ऐकू यायचेही थांबतो, मशीन असून. पूर्वी तो अशा वेळी ताटावर हात ठेवून गप्प बसून राहायचा आणि आम्ही गप्पा मारत राहायचो. आता आईने पदराला पुसून मोबाईलची बॅटरी लावली आणि स्वतःच्याच तोंडावर मारली, खालून, हनुवटीपाशी धरून. अगदी हडळ दिसत होती. म्हणाली, भात वाढू का? दादा म्हणाला, आधी बॅटरी जरा वर धर, घाबरलो ना मी.